राखाडी, पण कोणता?

विज्ञानकथेतलं अंतराळयान घरच्या टेबलावर बांधायला फारसं साहित्य लागत नाही. स्टायरिनच्या पातळ शीट, पीव्हीसी पाइपचे तुकडे, बंद पडलेल्या कीबोर्डच्या कळा, रणगाड्यांच्या किटमधून उरलेले बारीकसारीक भाग आणि चांगला गोंद, एवढं पुरतं. 'स्टार वॉर्स'ची यानं बांधणाऱ्यांनीही १९७०च्या दशकात हेच केलं होतं. त्या यानांच्या अंगावर रणगाड्यांच्या आणि विमानांच्या तयार किटमधले भाग चिकटवलेले आहेत. बांधणी हाताची असते, सरावानं जमते. रंगाचं तसं नाही. जीपचं किंवा लढाऊ विमानाचं मॉडेल असेल तर फोटो समोर ठेवून रंगवता येतं. जे यान जगात कुठंच नाही, त्याचा फोटो कुठून आणायचा?

मी चंद्रपुरात राहतो, कामानिमित्त गडचिरोलीच्या रस्त्यांवर असतो, आणि जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचत वाढलेल्या पिढीतला आहे. मॉडेलच्या रंगांबद्दल मी जे शिकलो ते हार्डवेअरच्या दुकानात, गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे आणि कोळसा-लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकच्या मागून जाताना. त्यातलं जे मनात टिकलं, ते इथं मांडतो आहे.

१. रंगाची डबी उघडण्याआधी यानाचा धंदा ठरलेला असावा लागतो. रंग हा आवडीचा प्रश्न वाटतो. निळा आवडतो तर निळा द्यावा, संपलं. पण पडद्यावरची गाजलेली यानं एकेक आठवून पाहिली तेव्हा दिसलं, की प्रत्येकाचा रंग त्याच्या कामातून आला आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'मधलं (१९६८) डिस्कव्हरी पांढरं आहे. ते संशोधकांचं यान, त्याच्यावर डाग नको. त्याचं मोठं मॉडेल जवळपास १६ मीटर लांब होतं. एवढं लांबलचक पांढरं अंग काळ्या अवकाशासमोर पाहिलं की माणूस आपोआप गप्प होतो. नऊ वर्षांनी 'स्टार वॉर्स' आला, आणि त्यातलं मिलेनियम फाल्कन मळकं, ठिगळं लावलेलं, कुठंकुठं रंग उडालेलं. तस्करी करणाऱ्या माणसाचं वाहन असंच असणार. मग १९७९चं 'एलियन'. त्यातलं नोस्ट्रोमो खनिजाचा अख्खा कारखाना मागे ओढत नेतं. त्याचं मॉडेल आधी पिवळं होतं, दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी ते राखाडी करून घेतलं. मला तो निर्णय फार मोठा वाटतो. पिवळं ठेवलं असतं तर ते खाणीतलं यंत्र म्हणून लगेच ओळखू आलं असतं. राखाडी झाल्यावर ते अंधारात मिसळून गेलं, आणि त्या गोष्टीला अंधारच हवा होता.

माझं यान मी खनिजवाहू करायचं ठरवलं. दुसरं काही सुचलंही नसतं. इथं रोज डोळ्यासमोर खनिजच वाहत असतं.

२. राखाडी हा एक रंग नाही, ते एक मोठं कुटुंब आहे. हार्डवेअरच्या दुकानात मी 'ग्रे' मागितला तेव्हा दुकानदारानं शेडकार्ड पुढं सरकवलं आणि म्हणाला, "कोणता ग्रे पायजे भाऊ? निळ्याकडचा का पिवळ्याकडचा?" आयुष्यभर रंग विकणाऱ्या माणसानं एका वाक्यात सगळा विषय उघडून ठेवला. नुसत्या काळ्यात पांढरा मिसळला तर जो राखाडी होतो तो थंड असतो, निळसर झाक मारतो. त्यात तपकिरीचा, बर्न्ट अंबरचा, थेंब पडला की तो ऊबदार होतो. डब्यात दोघांतला फरक कळत नाही. शेजारीशेजारी लावले की एक लोखंडासारखा दिसतो आणि दुसरा मातीसारखा.

चंद्रपूरकराला राखाडी शिकायला लांब जावं लागत नाही. आमच्याकडे २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, आणि कोळसा जळला की राख उरतेच. त्या राखेच्या विटांची घरं शहरभर आहेत. मी एकदा वेगवेगळ्या कारखान्यांतल्या विटा नीट निरखल्या, तर एकीचा रंग दुसरीशी जुळेना. त्याला कारण आहे. राखेत न जळलेला कोळसा जास्त राहिला की ती काळपट दिसते. लोह जास्त असलं की तपकिरीकडे झुकते, चुना जास्त असला की फिकट होते. म्हणजे राखेचा रंग पाहून ती कशी जळली याचा अंदाज येतो. तेव्हापासून मी यानाचं अंग एकाच राखाडीत रंगवत नाही. मूळ रंगाचे दोन-तीन सख्खे शेजारी तयार करतो, एक किंचित उजळ, एक किंचित गडद, एक थोडा ऊबदार, आणि पत्र्याच्या वेगवेगळ्या चौकटींना ते देतो. लांबून यान एकरंगीच दिसतं. जवळ गेलं की कळतं, हा पत्रा मागाहून बदललेला आहे, तो दुसऱ्या कारखान्यातून आला आहे. एकसंध राखाडीतलं यान मला नेहमी खेळणं वाटत आलं आहे, आणि त्याला इलाज इतका साधा निघाला.

३. खऱ्या यानांना कुणी सुंदर दिसावं म्हणून रंग दिलेला नाही, आणि म्हणूनच ती सुंदर दिसतात. हा मुद्दा माझ्या सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वस्तूची उन्हातली बाजू सुमारे १२० अंश सेल्सियसपर्यंत तापू शकते, आणि सावलीतली बाजू शून्याखाली दीडशे अंशांच्या आसपास जाते. मधे वारा नाही, हवा नाही. उष्णता शोषायची किंवा परत फेकायची एवढेच मार्ग उरतात, आणि ते पृष्ठभागाच्या रंगावर बरेचसे अवलंबून असतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा बराच भाग पांढरा का, याचं उत्तर इथं आहे. चंद्रपुरात मार्च उलटला की लोक गच्चीवर पांढरा चुना मारतात, तोच हिशेब. स्पेस शटलचं पोट काळं होतं, कारण तिथल्या काळ्या टाइल्सना परतीच्या वाटेवर सुमारे १,२६० अंशांपर्यंतची धग सोसायची असे आणि ती उष्णता बाहेर फेकायची असे. वरचा भाग पांढरा, कारण कक्षेत असताना ऊन परतवायचं असे. काळं-पांढरं शटल आपल्याला रुबाबदार वाटायचं. तो रुबाब उष्णतेच्या गणितातून आला होता.

शटलच्या मोठ्या इंधनटाकीची गोष्ट मला आणखी आवडते. १९८१च्या पहिल्या दोन उड्डाणांत ती टाकी पांढरी होती. मग अभियंत्यांच्या लक्षात आलं की त्या रंगाशिवायही भागतं. तिसऱ्या उड्डाणापासून, १९८२पासून, टाकी न रंगवताच ठेवली आणि सुमारे २७२ किलो वजन वाचलं. आपण फोटोत पाहतो तो नारिंगी-तांबूस रंग म्हणजे टाकीवरच्या फोमचा मूळचा रंग, उन्हात राहून गडद झालेला. कुणीही न निवडलेला रंग त्या यानाची ओळख होऊन बसला.

आपल्या विक्रम लँडरचंही तसंच. २३ ऑगस्ट २०२३ला तो चंद्रावर उतरला तेव्हा त्याचं सोनेरी अंग घराघरांत पोचलं, आणि शाळेतली मुलं विचारत होती, सोनं लावलंय का? ते उष्णतारोधक पांघरुणाचे थर होते. अंबर रंगाची पॉलिइमाइडची पातळ फिल्म आणि तिच्या पाठीमागे ॲल्युमिनियमचा मुलामा. आतली चांदी पिवळ्या फिल्ममधून दिसली की डोळ्यांना सोनं भासतं. मॉडेलवर हे करायचं तर सोनेरी रंगाची डबी नको. आधी चांदी मारायची आणि तिच्यावर पारदर्शक पिवळा-नारिंगी चढवायचा. खऱ्या वस्तूत जो क्रम आहे तोच रंगात ठेवला की डोळ्याला पटतं. मी हे चॉकलेटच्या चांदीच्या कागदावर करून पाहिलं आहे, आणि सुरकुत्यांसकट ते फार छान उतरतं.

तेव्हापासून माझ्या खनिजवाहूच्या प्रत्येक भागाला मी विचारतो, तुझं काम काय? उष्णता बाहेर फेकणारे पंख आहेत, ते पांढरे. मागे इंजिनाशेजारचा भाग काळा. इंधनाच्या गोल टाक्यांना सोनेरी पांघरूण. खनिजाच्या कोठारांना रंगच नाही, उघडा धातू. एवढं ठरलं की निवड करण्यासारखं फार थोडं उरतं, आणि जे उरतं त्यात मजा येते.

४. अवकाशातून परत आलेली वस्तू कशी दिसते, हे सिंदेवाही तालुक्यानं पाहिलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशात पेटत्या रेघा सरकताना हजारो लोकांनी पाहिल्या. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान म्हणालं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक प्रचंड कडी येऊन पडली. व्यास माणसाच्या उंचीहून मोठा, वजन चाळीस किलोच्या घरात. जवळच्या पवनपारला एक धातूचा गोळा सापडला. चीनच्या चँग झेंग ३बी या रॉकेटचा एक टप्पा वातावरणात शिरून तुटला, त्याचे हे भाग असावेत, असं उपग्रहांचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सुचवलं. नंतर इस्रोचे शास्त्रज्ञही ते अवशेष पाहायला आले.

त्या कडीचे फोटो मी अजून जपून ठेवले आहेत. इतक्या वेळा पाहिले, की मॉडेलकार म्हणून मी आधी अवकाशाबद्दल जे धरून चाललो होतो ते सगळं परत तपासावंसं वाटलं. तिच्यावर पांढरंशुभ्र काही नव्हतं, चमचमतं काही नव्हतं. रात्री येऊन पडलेली ती वस्तू सकाळी गावकऱ्यांच्या घोळक्यात उभी होती, आणि शेतावरच्या कुठल्याही जुन्या अवजाराइतकीच तिथली वाटत होती. अवकाशाची म्हणून काही वेगळी कळा असते, ही समजूत तिथं संपली. धातू हा धातूच. फक्त त्यानं भोगलेली आग वेगळी.

आगीनं रंग कसा बदलतो याचा अभ्यास मग सुरू झाला. टायटॅनियम तापलं की त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो. पापुद्र्याची जाडी वाढेल तसा रंग गवती पिवळ्यावरून जांभळ्यावर आणि मग निळ्यावर जातो. हा रंग रंगद्रव्याचा नसतो. तेलाच्या तवंगावर दिसतो तसा तो प्रकाशाचा खेळ असतो. मॉडेलवर इंजिनाच्या नळकांड्यांना हे करायचं तर चांदीवर आधी पारदर्शक पिवळा, थोडं पुढं पारदर्शक जांभळा, टोकाकडे निळा, सगळं अगदी पातळ. क्रम उलटा झाला की ज्याला धातूची जाण आहे तो लगेच ओळखतो. आमच्या वेल्डरनं ओळखला असता, एवढं मला पक्कं माहीत आहे. वेल्डिंगच्या टाक्याशेजारी स्टीलवर तेच रंग तो रोज पाहतो.

५. रंग डबीत नसतो, दिव्यात असतो. 'स्टार ट्रेक'च्या मूळ मालिकेतल्या एंटरप्राइझचं सुमारे ११ फुटांचं मॉडेल १९६४ला बांधलं गेलं. १९७४ला ते स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आलं. त्यानंतर त्याच्यावर पुन्हा पुन्हा रंगकाम झालं, आणि मूळ रंग कोणता यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षं वाद घातले. कुणाला ते निळसर आठवत होतं, कुणाला पांढरं. २०१६च्या जीर्णोद्धारात संवर्धकांनी यानाच्या बशीसारख्या भागाच्या वरच्या बाजूचा, साठच्या दशकापासून टिकून राहिलेला मूळ रंग आधार म्हणून घेतला. तो निघाला हिरवट झाक असलेला फिकट राखाडी. स्टुडिओतले दिवे, निळा पडदा, फिल्म आणि टीव्ही यांतून गाळून आलेला भलताच रंग लोकांनी मनात जपला होता.

निळ्या पडद्यानं आणखीही बरंच काही ठरवलं. 'स्टार वॉर्स'मधलं बंडखोरांचं पथक आधी निळं असणार होतं. पण चित्रीकरण निळ्या पडद्यासमोर व्हायचं होतं, त्यात निळे पट्टे हरवले असते, म्हणून पट्टे लाल झाले आणि पथकाचं नावही. १९७९च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटातल्या एंटरप्राइझला मोत्यासारखे झळाळणारे थर दिले होते. पुढच्या चित्रपटाच्या वेळी तीच झळाळी निळा पडदा परावर्तित करू लागली, आणि तिला मॅट फवारा मारून शांत करावं लागलं.

माझ्या घरी पडदा नाही, पण चंद्रपूरचं ऊन आहे. मे महिन्याच्या दुपारी अंगणात सगळेच राखाडी पांढरे दिसतात. रात्री पिवळ्या दिव्याखाली थंड राखाडी हिरवट होतो. म्हणून मी रंगाचा नमुना प्लास्टिकच्या चमच्याच्या पाठीवर लावतो आणि ज्या कपाटात यान राहणार आहे त्याच कपाटात, त्याच दिव्याखाली, तो चमचा आठवडाभर ठेवतो. घरातले येताजाता बघतात. कपाट उघडून "हा चमचा इथं काहून?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, रंग कसा वाटतो? त्या उत्तरांचा मला शेडकार्डापेक्षा जास्त उपयोग होतो.

६. लहान वस्तूवर खरा रंग जास्त गडद वाटतो. मॉडेलकार याची भरपाई मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून करतात. जमिनीवरच्या गाड्यांसाठी एक कारण हवेचं दिलं जातं. मोहर्लीच्या रस्त्यावरून लांबच्या टेकड्या फिक्या निळ्या दिसतात, कारण मधे मैलोगणती हवा असते. अवकाशात हवा नाही, मग पांढरा कशाला? मी यावर बराच विचार केला आणि शेवटी पांढरा घालायचंच ठरवलं. यान अवकाशात असलं तरी बघणारा माझ्या खोलीत बसलेला आहे.

७. वस्तूचा रंग आणि तिच्या धुळीचा रंग वेगळा असू शकतो. सुरजागडच्या लोहखनिजानं मला हे शिकवलं. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या त्या डोंगराचं खनिज म्हणजे हेमॅटाइट. त्याचा दगड हातात घेतला तर काळसर पोलादी दिसतो, कुठं चमकतोही. तोच दगड घराच्या खडबडीत, न चकाकणाऱ्या टाइलवर घासला की रेघ लाल उमटते. भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी हेमॅटाइट ओळखायला हीच चाचणी करतात. रेड ऑक्साइड प्रायमर आपण लोखंडी गेटला मारतो, तेही लोहाचं ऑक्साइडच. आणि मंगळ लाल दिसतो तोही लोहाच्या ऑक्साइडमुळे.

हे तिन्ही एका जागी जुळलं तेव्हा मला माझ्या यानाचं घर सापडलं. अवकाशात गंज चढायला ना ओल आहे ना ऑक्सिजन, त्यामुळे गंजाचे ओघळ दाखवायला मी कधी धजावलो नाही. पावसाचे ओघळ तर नाहीतच. पण मंगळावर उतरून खनिज भरणाऱ्या यानाच्या पायांना लाल धूळ लागणारच. त्यासाठी रंगाच्या दुकानात जायची गरज नव्हती. एटापल्लीच्या रस्त्याकडेची चिमूटभर धूळ मी घरी आणली, खलबत्त्यात वाटली, कापडातून चाळली आणि मॅट वार्निशनं बसवली. वाटताना तोंडाला मास्क लावला, असली बारीक पूड फुफ्फुसात जाऊ देण्यासारखी नसते. कोळशाची पूड तशीच इंजिनाच्या तोंडाशी लावली.

धूळ कुठं लावायची, हे ट्रकनं शिकवलं. आलापल्लीच्या बाजूनं येणाऱ्या खनिजाच्या गाड्या मी ढाब्यावर थांबून निरखल्या. धूळ सगळीकडे सारखी नसते. चाकांच्या मागे दाट, वर चढताना विरळ. मागच्या फाळक्यावर पुष्कळ, कारण चालत्या गाडीमागे हवेचा भोवरा होतो. दाराच्या कडीभोवती मात्र धूळ नाही, तिथं हातानं पुसून पत्रा उजळ झालेला असतो. डिझेलच्या टाकीखाली एक काळा, ओला ओघळ. अवकाशात हवेचा भोवरा नसेल, पण माणसं असतील आणि ती दार उघडतील. म्हणून माझ्या यानाच्या दाराभोवती रंग झिजलेला आहे, इंधन भरायच्या तोंडाखाली डाग आहे, आणि पायांपाशी लाल दाट होऊन पोटाकडे विरत गेला आहे.

गडचिरोलीत एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ते मांडलं होतं. बरीच मुलं इंजिनं बघत होती. एटापल्लीकडचा एक मुलगा मात्र वाकून पाय बघत राहिला आणि शेजारच्याला म्हणाला, "हे आमच्याकडून जाऊन आलंय." त्याला ती धूळ रंगाच्या डबीतली नाही हे कळलं होतं. त्याच्या गावाकडच्या रस्त्यालगतच्या सागाच्या पानांवर तीच बसते. मी त्याला मंगळाबद्दल सांगितलं, त्यानं मला पावसाळ्यात तो रस्ता कसा होतो ते सांगितलं. आम्हा दोघांना एकमेकांचं ऐकण्यात सारखाच रस होता.

८. इथली हवा ठरवते कोणता रंग कधी मारायचा. कॅम्लिन ही १९३१पासूनची आपली मराठी माणसांनी उभी केलेली कंपनी. तिचे ॲक्रिलिक रंग कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, आणि ब्रशनं बारीक काम करायला मला ते पुरतात. फवाऱ्याची गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर असताना एअरब्रशमधून निघालेला रंग मॉडेलवर पोचण्याआधी हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. त्या दिवसांत मी पहाटे फवारतो आणि रंग सावकाश वाळावा म्हणून त्यात रिटार्डरचे थेंब टाकतो. पावसाळ्यात उलट. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी साय धरते, म्हणून झड लागली की फक्त ब्रशचं काम. दिवाळीनंतरचे चार महिने म्हणजे खरा हंगाम.

यातलं पुष्कळसं मला गाड्या रंगवणाऱ्या कारागिराकडून मिळालं. लांबी कशी भरावी, पॉलिश पेपर ओला करून का घासावा, ड्युकोवर थिनर किती. "चांदी मारायची असन तर खाली काळा मारा, आन् तो बी चमकणारा," असं तो म्हणाला. परदेशी मॉडेलकार खास मेटॅलिक रंगांसाठी हेच करतात. गुळगुळीत काळ्यावर चांदीचे कण आडवे निजतात आणि आरशासारखा प्रकाश देतात, खरखरीत करड्यावर तेच मेलेले दिसतात. त्यानं एकही मॉडेल आयुष्यात रंगवलेलं नाही. पण माझं यान हातात घेऊन त्यानं पहिल्यांदा पोटाखालून बघितलं, कारण गाडीचं खरं काम तिथं कळतं.

९. भडक रंग थोडाच हवा, पण हवाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये जंगल करडं-तपकिरी पडलेलं असताना पळस फुलतो. शंभर झाडांत एक पळस, आणि नजर तिथंच जाते. माझ्या यानावर तेवढाच नारिंगी आहे. सुटकेच्या दारावर आणि आत माणसं बसतात त्या भागाच्या कडेला. शटलमध्ये जाता-येताना अंतराळवीर नारिंगी पोशाख घालत, तो समुद्रात पडलेला माणूस शोधणाऱ्यांना चटकन दिसावा म्हणून. दिसणं हे मात्र बघणाऱ्याच्या डोळ्यावर असतं. ताडोबातला वाघ आपल्याला लखलखीत नारिंगी दिसतो. चितळाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्याच्या दृष्टीनं तोच वाघ गवतात विरून गेलेला असतो. माझ्या यानाला ज्यांची भेट होईल त्यांचे डोळे कसे असतील, यावर मी पुष्कळ रात्री विचार केला आहे. एक अख्खी विज्ञानकथा त्यातून निघू शकते.

१०. नाव लिहिल्याशिवाय यान कुणाचं होत नाही. मॉडेलबरोबर येणारी डिकल्स इंग्रजी अक्षरांची असतात. मला नाव देवनागरीत हवं होतं. चंद्रपूरच्या किल्ल्याच्या वेशींवर गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे, हत्तीला नमवणारा सिंह. ते छोटं करून मी शेपटीवर काढलं, जटपुरा गेटसमोर उभं राहून केलेल्या रेखाटनावरून. नाव ठेवलं 'प्राणहिता'. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन झालेली, सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळणारी नदी. ओझं घेऊन लांब जाणाऱ्या यानाला ते शोभतं.

अक्षरं काढायला मी एका जुन्या पेंटरकडे गेलो. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम कमी झालं असलं तरी ट्रकच्या फाळक्यावर त्याचा हात अजून चालतो. एनॅमल, खारीच्या केसांचा ब्रश, आणि मनगटाला आधार द्यायला एक काठी. बोटभर जागेत 'प्राणहिता' लिहिताना त्यानं श्वास रोखला होता, मीही. अक्षरांना पांढरा न देता त्यानं मळकट साय रंग दिला, कारण, तो म्हणाला, गाडी जुनी आहे ना जी, मग नाव कोरं कसं दिसन? माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

मग ब्रश धुता धुता त्यानं विचारलं, "पासिंग कुठली टाकू?"

मी क्षणभर गोंधळलो. त्यानं समजावलं, गाडी म्हटली की नंबर लागतो, चंद्रपूरची असन तर ३४, गडचिरोलीची असन तर ३३. यान बांधलं चंद्रपुरात, माझ्या टेबलावर. पण पायांना लागलेली धूळ एटापल्लीची. मी म्हणालो, ३३ टाका. त्यानं मान हलवली, काठी पुन्हा टेकवली आणि मागच्या फाळक्यावर 'एमएच ३३' लिहून पुढची जागा मोकळी सोडली. पुढचे आकडे, म्हणाला, गाडी पास झाल्यावर.